पाचवा माणूस

आमच्या गावचा ओढा तसा कुणाच्या हिशेबात नसलेला. उन्हाळ्यात त्याच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात चार-सहा दिवस तो स्वतःला नदी समजतो. पण याच ओढ्याने आमच्या आणि आमच्या थोरल्या चुलतबंधूंच्या घरांत अकरा वर्षे अबोला घातला.

वतने खालसा झाल्यावर आजोबांच्या नावावर जी जमीन लागली, तिची वाटणी चुलते आणि वडील यांनी तोंडी केली होती. ओढ्याच्या अलीकडचे धाकट्याचे, पलीकडचे थोरल्याचे. दोघांचा एकमेकांवर विश्वास होता, म्हणून कागद झाला नाही. पुढे एका पावसाळ्यात मोठा पूर आला आणि ओढ्याने आमच्या बाजूचा काठ फोडून नवी वाट धरली. पाणी ओसरल्यावर पाहतो तो आमचा आठ गुंठ्यांचा तुकडा ओढ्याच्या पलीकडे गेलेला! दादा म्हणाले, "ओढ्याच्या पलीकडचं ते आमचं. आबांचा शब्द आहे." आम्ही म्हणालो, "ओढा सरकला म्हणून शेत सरकत नाही." दोघेही वडीलधाऱ्यांच्या एकाच शब्दाला धरून बोलत होतो आणि तरीही दोघांची तोंडे दोन दिशांना होती.

तालुक्याहून तीन वेळा मोजणी आणली. पहिल्यांदा पैसे आम्ही भरले, दुसऱ्यांदा त्यांनी, तिसऱ्यांदा पुन्हा आम्ही. मोजणी ज्याच्या विरुद्ध गेली त्याने खुणांचे दगड रातोरात उपटून टाकले. त्यात एकदा आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. आठ गुंठ्यांत जेवढी ज्वारी पिकली नसती त्याहून जास्त पैसा मोजणीत आणि वकिलाच्या पायऱ्या चढण्यात गेला. पुतणीच्या मंगल परिणयाला आम्ही गेलो नाही. आमच्या आईच्या पुण्यानुमोदनाला ते आले नाहीत. मुलांच्या आईने त्या दिवशी एक ताट जास्त वाढून ठेवले होते. ते संध्याकाळपर्यंत तसेच राहिले.

हे घरचे रडगाणे वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे की, २०२४ च्या डिसेंबरात विहार कमिटीने बोधगया, कुशीनगर, लुंबिनी अशी यात्रा काढली. वर्षभर दरमहा थोडे थोडे पैसे भरून आम्ही उभयतांनी नावे नोंदवली होती. गाडी सुटल्यावर कळले की, पुढच्याच डब्यात दादा आणि वहिनी आहेत. आता काय करणार? बावीस माणसांच्या यात्रेत तोंड फिरवून बसलो.

गोरखपूरहून बसने सोनौलीला पोहोचलो. तेथे भारत संपतो आणि नेपाळ सुरू होतो. आमच्या मनात सीमा म्हणजे काटेरी तारा आणि बंदुका अशी कल्पना होती, कारण पेपरात आणि टीव्हीवर तशीच सीमा दिसते. इथे कमान होती, ट्रकांची लांबच लांब रांग होती आणि सायकलवर गहू घेऊन इकडून तिकडे जाणारी माणसे होती. १९५० च्या जुलैमध्ये झालेल्या मैत्री कराराने दोन्ही देशांतल्या माणसांची ये-जा मोकळी ठेवली आहे. साडेसतराशे किलोमीटरांहून लांब अशा या सीमेवर जागोजाग दगडी खांब आहेत. मोठ्या जुन्या खांबांना नेपाळात राणा जंगबहादूरच्या नावावरून जंगे खांब म्हणतात. रेषेच्या दोन्ही अंगांना मोकळी सोडलेली पट्टी असते, तिला 'दशगजा' हा शब्द आहे. दहा गजांची जागा, जिच्यावर कुणी पेरायचे नाही आणि घर बांधायचे नाही. मुलांची आई म्हणाली, "असा दशगजा आपल्या बांधाला पाहिजे होता." वहिनी मागेच उभ्या होत्या. त्यांनी ऐकले असणार.

लुंबिनीला सम्राट अशोकाचा स्तंभ पाहिला. १८९६ साली तो पुन्हा उजेडात आला. भगवान बुद्ध इथे जन्मले म्हणून गावाचा कर कमी केला, असे अशोकाने त्यावर कोरून ठेवले आहे. राजाने गावावर उपकार करावा तो असा, असे वाटून गेले. त्या ठिकाणच्या शांततेबद्दल अनेकांनी लिहिले आहे, म्हणून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी भैरहव्याहून पूर्वेला रामग्रामचा स्तूप पाहायला निघालो. हा कोलियांचा स्तूप. तथागतांच्या अस्थींचे आठ वाटे झाले, त्यांतला एक कोलियांना मिळाला आणि तो स्तूप आजवर उकरला गेला नाही, असे मानतात. वाटेत एका पुलावर ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि म्हणाला, "ये रोहिणी." सगळी बस खिडक्यांना लागली. डिसेंबरचे दिवस, पाणी कमी, मधे वाळू, काठावर म्हशी. पुढच्या सीटवरून दादांचा आवाज आला, "हीच का ती? आपल्या ओढ्याएवढीच की!" आमच्या तोंडून निघून गेले, "पावसाळ्यात फुगत असेल." अकरा वर्षांनंतरचे आमचे हे पहिले बोलणे.

रोहिणीची गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे. एका काठाला शाक्य, दुसऱ्या काठाला कोलिय आणि दोघांची शेती एकाच पाण्यावर. आधी पाणी कुणी घ्यायचे यावरून नोकर-माणसांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर दिला आहे. सिद्धार्थाने विरोध केला आणि नुसता विरोध न करता तोडगा सुचवला. आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी भांडण मिटवावे. मतदान झाले आणि सिद्धार्थाची सूचना मोठ्या मताधिक्याने पडली. त्यापुढे युद्धात जायला त्याने दिलेला नकार आणि मग त्याचा गृहत्याग आपणा सर्वांना पाठ आहे.

पण त्याच ग्रंथात थोडे पुढे आणखी एक गोष्ट आहे, ती आपण वाचतो आणि विसरतो. सिद्धार्थ राजगृहाला असताना पाच परिव्राजक त्याला भेटतात आणि कपिलवस्तूची बातमी सांगतात. तो निघून गेल्यावर लोकांनीच युद्धाविरुद्ध आवाज उठवला, मिरवणुका निघाल्या, दोन्ही बाजूंनी वाटाघाटीसाठी माणसे नेमली. शेवटी रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक तंटा सोडवायला एक कायमचे लवाद मंडळ नेमावे आणि त्याचा निर्णय दोघांनी बंधनकारक मानावा, असे ठरले. म्हणजे संघात पडलेली सूचना काठावरच्या माणसांनी उचलून धरली. आपल्या लक्षात गृहत्याग राहतो, लवाद राहत नाही. त्या पुलावरून जाताना आम्हाला वाटले, आपण अकरा वर्षे नेमके हेच केले. ग्रंथ कपाटात आणि दगड रातोरात उपटलेले.

रामग्राम पाहून परासी गावात चहाला थांबलो. टपरीवरची बाई आमची भाषा ऐकून कुठून आलात म्हणून विचारू लागली. तिचे माहेर सुस्ताचे. हे नाव आम्ही प्रथमच ऐकत होतो. ज्या जिल्ह्यात आम्ही उभे होतो, त्याच्या नावातच सुस्ता आहे. नवलपरासी, बर्दघाट सुस्ता पश्चिम. तिथे नारायणी नदी आहे. बिहारात उतरल्यावर तिलाच आपण गंडक म्हणतो. नेपाळ आणि ब्रिटिश यांच्या जुन्या तहात नदी ही हद्द होती आणि सुस्ता नदीच्या पश्चिमेला, नेपाळच्या अंगाला होते. नदी वर्षानुवर्षे काठ कापत पश्चिमेकडे सरकली. आता सुस्ता नदीच्या पूर्वेला आहे. एका बाजूला नारायणी, उरलेल्या बाजूंना भारत. नेपाळ म्हणते, नदी हलली तरी जुन्या पात्राची हद्द हलत नाही. भारताच्या बाजूने म्हणणे असे की, वादातली जमीन बिहारच्या पश्चिम चंपारणची. उसाच्या शेतांवरून दोन्हीकडच्या गावकऱ्यांच्या मारामाऱ्या झाल्या आहेत. गावातल्या पुष्कळांना नागरिकत्वाचा कागद मिळायलाही खेटे घालावे लागले.

बाई सांगत होती की, तिच्या वडिलांचे शेत आधी पाण्याखाली गेले आणि बऱ्याच वर्षांनी वाळू होऊन वर आले, तेव्हा ते दुसऱ्याच कुणाच्या हद्दीत होते. ती हसत हसत सांगत होती. चहाचे पैसे देताना दादांनी पाकीट काढले आणि आमचेही पैसे दिले. आम्ही नको म्हटले नाही.

घरी परतल्यावर सुस्ताचे नाव डोक्यातून जाईना. धाकटी मुलगी कायद्याचे शिक्षण घेते. ती पुस्तके चाळून, छापील कागद आणून आम्हाला रात्री वाचून दाखवू लागली. त्यातून जे समजले ते साध्या शब्दांत सांगतो.

१८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यात युद्ध झाले. ते चंपारणातल्या सुगौली येथे झालेल्या तहाने संपले. डिसेंबर १८१५ मध्ये सह्या झाल्या आणि मार्च १८१६ मध्ये तो पक्का झाला. काली नदीच्या पश्चिमेकडच्या मुलुखावर नेपाळच्या राजाचा हक्क राहणार नाही, असे त्यात लिहिले गेले. या नदीलाच खाली महाकाली म्हणतात. आता नदी खाली एकच दिसते, पण डोंगरात वर गेलो की तिला फाटे फुटतात. त्यातली खरी काली कोणती, हे तहात लिहिले नाही. नेपाळ म्हणते, लिंपियाधुऱ्याहून येणारा मोठा प्रवाह हीच काली. भारत म्हणतो, कालापानीच्या झऱ्यांपासून निघते ती काली आणि इकडचा मुलूख पूर्वीपासून पिथोरागढच्या कारभारात आहे. दोघांकडे जुने नकाशे आहेत, दोघांकडे जुने महसुली कागद आहेत. या दोन प्रवाहांच्या मधला मुलूख सुमारे ३३५ चौरस किलोमीटरांचा आहे. त्यात गुंजी, नाबी, कुटी अशी गावे आहेत आणि वर लिपुलेखची खिंड आहे, जिच्यातून मानसरोवराचे यात्रेकरू जातात. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारापासून कालापानीला भारताची सुरक्षा दले आहेत.

वाचकहो, आमच्या आबांनी आणि वडिलांनी जे केले तेच सुगौलीला साहेबांनी आणि दरबाराने केले. नदीचे नाव घेतले आणि निर्धास्त झाले. फरक इतकाच की, आमच्याकडे विश्वास होता म्हणून कागद झाला नाही. तिथे कागद झाला, पण त्यात नदीची ओळख राहून गेली.

दोन्ही सरकारांनी काहीच केले नाही असे नाही. १९८१ साली संयुक्त तांत्रिक समिती बसली. तिने २००७ पर्यंत पायी हिंडून, मोजमापे घेऊन सीमेचे १८२ नकाशे तयार केले. सीमेचा जवळजवळ ९८ टक्के भाग कागदावर आला. उरले ते कालापानी आणि सुस्ता. म्हणजे २६ वर्षे काम करून गाठ सुटली, पण जिथे खरा पीळ होता तेवढीच राहिली. २०१४ साली खांबांची देखभाल आणि मोजणी यांसाठी नवा कार्यगट नेमला आणि हे दोन अवघड प्रश्न परराष्ट्र सचिवांवर सोपवले. घरात असेच होते. भांडीकुंडी वाटली जातात, आईचा पाटल्यांचा जोड राहतो आणि त्यावरून भाऊ तुटतात.

मग मे २०२० आला. आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात होतो. ८ मे रोजी भारताच्या संरक्षणमंत्र्यांनी लिपुलेखकडे जाणाऱ्या ८० किलोमीटरच्या रस्त्याचे उद्घाटन केले. नेपाळात संतापाची लाट उठली. २० मे रोजी नेपाळने लिंपियाधुरा, लिपुलेख, कालापानी आपल्यात दाखवणारा नवा नकाशा काढला. जूनमध्ये त्यांच्या संसदेने तो नकाशा राज्यघटनेतच घातला. खालच्या सभागृहात २५८ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही. एकमेकांवर गल्लीत शिंतोडे उडवणारे पक्ष त्या दिवशी एक झाले. भारताने हा दावा मान्य नाही असे सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि चीन यांनी लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करायचे ठरवले, तेव्हा नेपाळने पुन्हा हरकत घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेपाळची नवी १०० रुपयांची नोट आली, तिच्यावर तोच नकाशा.

मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा आम्ही म्हटले, "नकाशा नोटेवर छापला, आता मागे कसं यायचं?" ती म्हणाली, "तेच तर. घटनेत घातलं की बोलणी करणाऱ्याचे हात बांधले जातात." आम्ही गप्प झालो. आम्हीही पारावर चार माणसांत बोललो होतो की, आठ गुंठ्यांतला एक ढेकूळ सोडणार नाही. दादाही तसेच बोलले होते. त्यानंतर प्रश्न जमिनीचा राहिला नाही, तोंडाचा झाला.

मग नदी सरकली तर कायदा काय म्हणतो? मुलीने सांगितले की, जगात यासाठी जुनी रीत आहे. नदी हळूहळू, कणाकणाने काठ खात सरकली तर हद्दही तिच्याबरोबर सरकते. पण नदीने एका पुरात एकदम उडी मारून नवे पात्र धरले तर हद्द जुन्या पात्रातच राहते. आम्ही ताडकन उठून बसलो. "म्हणजे आपण बरोबर!" ती म्हणाली, "थांबा की. पूर एका रात्रीत आला, पण काठ तर आधीची दहा वर्षं खचत होता, हे तुम्हीच सांगता." मुलांची आई हसली. आमचा वकील आमच्याच घरात दादांची बाजू मांडत होता.

याच मुद्द्यावर दोन मोठे देश १०० वर्षे भांडले. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामध्ये रिओ ग्रांदे नदीची हद्द १८४८ च्या तहाने ठरली. अमेरिकेच्या काठाला एल पासो शहर, समोर मेक्सिकोचे सिउदाद ह्वारेस. नदी दक्षिणेकडे सरकू लागली आणि १८६४ च्या पुरात तिने मोठा काठ तोडला. मेक्सिकोची चामिझाल नावाची सुमारे ६०० एकर जमीन अमेरिकेच्या बाजूला गेली. अमेरिका म्हणे नदी हळूहळू सरकली. मेक्सिको म्हणे एकदम. १९१० साली दोघांनी लवाद बसवला. एक सदस्य अमेरिकेचा, एक मेक्सिकोचा आणि तिसरा कॅनडाचा कायदेपंडित यूजीन लाफ्लर. १९११ साली निकाल लागला, तो दोघांच्या मधला होता. १८६४ च्या पुरापर्यंत जेवढी नदी हळू सरकली तेवढे अमेरिकेचे, पुराने एकदम तोडले ते मेक्सिकोचे. अमेरिकेने निकाल नाकारला. लवादाला जमीन विभागून द्यायचा अधिकारच नव्हता, असे कारण दिले.

म्हणजे पाचवा माणूस नेमला आणि तो आपल्यासारखे बोलला नाही म्हणून त्याला घरी पाठवला. त्यानंतर ५२ वर्षे गेली. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी मेक्सिकोला गेले. तेथे अध्यक्ष लोपेझ मातेओस यांच्याशी बोलून १९११ च्याच निकालाच्या धर्तीवर तोड काढायचे ठरले. २९ ऑगस्ट १९६३ रोजी करार झाला. जो निकाल ५२ वर्षांपूर्वी फुकट मिळत होता, तो आता महागात घ्यावा लागला. नदीला पुन्हा सरकता येऊ नये म्हणून सिमेंटचे नवे पात्र बांधले आणि खर्च दोघांनी सोसला. पण खरी किंमत आणखी कुणीतरी मोजली. मधल्या काळात त्या जमिनीवर वस्ती झाली होती. बहुतेक मेक्सिकन वंशाची, हातावर पोट असलेली माणसे. सुमारे ५,६०० जणांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. मोबदला मिळाला, तरी शेजार कुठे मिळतो? आपल्यापैकी ज्यांच्या झोपड्या रस्त्यासाठी नाहीतर धरणासाठी उठल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशानेही असे अवघड काम केले आहे. भारत आणि बांगलादेश यांच्या हद्दीत एकमेकांच्या पोटात अडकलेली १६२ छोटी बेटे होती. १९७४ साली करार झाला, पण तो पुरा व्हायला २०१५ उजाडले. आपल्या संसदेने त्यासाठी १०० वी घटनादुरुस्ती केली. भारताने १७,१६० एकर दिले आणि ७,११० एकर घेतले. जास्त दिले म्हणून देश लहान झाला नाही. ४१ वर्षे ज्यांना धड शाळा नव्हती की रेशनकार्ड नव्हते, त्यांना एक देश मिळाला.

आणि नेपाळशीही रीत ठरलेली नाही असे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये पंतप्रधान नरसिंह राव आणि शेरबहादुर देउबा यांनी महाकाली करारावर सह्या केल्या. तो पाण्याचा करार आहे, हद्दीचा नाही. त्यात ठरलेले पंचेश्वर धरण अजून झालेले नाही. पण त्यात एक कलम आहे, ते मुलीने आम्हाला दोनदा वाचून दाखवले. पाण्यावरून मतभेद झाला आणि बोलून मिटला नाही, तर तिघांचा लवाद बसेल. एक भारत नेमील, एक नेपाळ नेमील, पण दोघांनीही आपल्या देशाचा माणूस नेमायचा नाही. तिसरा दोघांनी मिळून ठरवायचा. रोहिणीच्या काठावर जे सुचवले गेले होते, त्याच्याच जवळपास हे आले. पाण्यासाठी जी गोष्ट दोघांना मान्य झाली, ती कालापानी आणि सुस्ता यांच्यासाठी कधीतरी मान्य होईल, अशी आशा धरायला काय हरकत आहे? तोवर महाकालीच्या दोन्ही काठांवरच्या धारचुला आणि दार्चुला या गावांत झुलत्या पुलावरून माणसे बाजाराला, सोयरिकीला ये-जा करतातच. त्यांनी नाती तोडलेली नाहीत.

या सगळ्या वाचनातून आम्ही एकच गोष्ट गाठीला बांधली. लवाद नेमणे सोपे आहे. निकाल लागण्याआधी तो मान्य करणे अवघड आहे. आमच्या तिन्ही मोजण्या फुकट गेल्या, कारण दर वेळी दोघेही निकाल कसा लागतो हे पाहून तो मानायचा की नाही ते ठरवणार होतो. रोहिणीच्या काठावर उलटे झाले होते. आधी बंधन स्वीकारले, मग पाणी वाटले.

माघ पौर्णिमेला विहारात सगळे जमले होते. वंदना झाल्यावर आम्ही उठून दादांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "दादा, तुम्ही दोघं निवडा, आम्ही दोघं निवडतो. ते चौघं पाचवा निवडतील. पण आधी सही, मग मोजणी." दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि निकाल आमच्या विरुद्ध गेला तर?" आम्ही म्हणालो, "तुमच्या गेला तर तुम्ही सोसा, आमच्या गेला तर आम्ही सोसू." वहिनींनी मध्येच विचारले, "त्या पाचात बाई चालंल का?"

स्टँपपेपर झाला. सह्या झाल्या. दोन्हीकडची दोन-दोन माणसे बसली आणि पाचव्या नावावर तीन बैठका अडून राहिली. आमच्या माणसांना त्यांचे नाव पसंत नव्हते, त्यांच्या माणसांना आमचे. चौथ्या बैठकीत शेजारच्या गावच्या निवृत्त अंगणवाडी ताईंवर एकमत झाले. त्यांना आमच्या आठ गुंठ्यांशी काही देणेघेणे नाही आणि दोन्ही घरांतली पोरे त्यांनीच सांभाळली आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही घरांना सांगितले की, निकाल सुगी झाल्यावर देईन आणि तोवर त्या तुकड्यात कुणी नांगर घालायचा नाही.

सुगी अजून व्हायची आहे. निकाल कुणाच्या बाजूने जाईल ते आम्हाला माहीत नाही. मुलगी म्हणते, कायद्याने निम्मे-निम्मे होण्यासारखे आहे. तो तुकडा सध्या पडीक आहे, त्यात गवत वाढले आहे आणि दोन्ही घरांची जनावरे तिथे चरतात. परवा वहिनी ओढ्यातून पलीकडून आल्या आणि आमच्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेल्या. आईच्या पुण्यानुमोदनाची तारीख त्यांनी आपणहून विचारली. या वेळी दोन ताटे जास्त वाढावी लागतील.

निकाल विरुद्ध गेला तर मनाला लागेल, हे खोटे कशाला सांगायचे? पण दगड उपटायचे नाहीत, एवढे ठरले आहे.